बाबांच्या गुडघ्याला कंपनीतलं सॉल्व्हंट

पत्र असं आलंय, थोडं लहान केलंय:

"मावशी, आम्ही कर्वेनगरला राहतो. बाबा ६९ वर्षांचे, एकेकाळी रोज पर्वती चढणारे, आता दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टर ऑपरेशन सुचवतात, ते नाही म्हणतात. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, शुगरही आहे. माझा आतेभाऊ कुरकुंभ एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे, त्याने दोन महिन्यांपूर्वी एका पांढऱ्या कॅनमधून डीएमएसओ म्हणून लिक्विड आणून दिलं, म्हणे तिथे सगळे कंबरेला लावतात. बाबा रोज रात्री कापसाने गुडघ्यांना लावतात आणि वरून गंधपुऱ्याचं तेल चोळतात. आराम पडतो म्हणतात. पण तोंडाला, अंगाला लसणाचा इतका वास येतो की आई हॉलमध्ये झोपते. गुडघ्यामागची कातडी लाल झालीये. आता व्हिडिओ बघून त्यांनी ठरवलंय की याचे थेंब डोळ्यात घातले की मोतीबिंदू विरघळतो आणि रसातून चमचाभर घेतलं तर कॅन्सर होत नाही. मी बोलले की म्हणतात, स्वस्त आहे म्हणून डॉक्टर लोक दाबून ठेवतात. हे विष आहे का औषध? — स्नेहल"

स्नेहल, आधी आज काय करायचं ते सांगते, बाकीचं निवांत वाच. डोळ्यात एक थेंबही जाता कामा नये आणि पोटात तर नाहीच नाही. गुडघ्याला लावणं आज रात्रीपासून बंद. कॅन लपवू नकोस, बाबांना सांगूनच उचल, नाहीतर ते दुसरा मागवतील आणि मग तुला कळणारही नाही. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी संडास, अंगावर गांधी, दम लागणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत ने आणि तिथे "दोन महिने अंगाला डीएमएसओ लावत होते" हे वाक्य स्पष्ट सांग, कारण डॉक्टर आपणहून ते विचारणार नाहीत.

आता तुझा प्रश्न, विष का औषध. मी मेडिकल चालवते त्याला पंचवीस वर्षं झाली पण त्याआधी एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासतात तिथे होते आणि डीएमएसओशी माझी ओळख तिथली आहे. डिसेंबरातली सकाळ होती, फर्स्ट शिफ्ट, कपाटातून बाटली काढली तर आत पातळ काही नाहीच, काचेसारखा घट्ट गोळा. मी घाबरून सीनियरकडे गेले, माल खराब आला म्हणून. ते म्हणाले अगं शुद्ध डीएमएसओ साडेअठरा डिग्रीलाच गोठतं, पुण्याच्या थंडीत गोठणारच, कोमट पाण्यात ठेव. मग ते पातळ झाल्यावर ओतताना थोडं ग्लोव्हवर सांडलं, मी लक्ष दिलं नाही, ग्लोव्ह आहे ना हातात म्हणून, आणि थोड्या वेळाने तोंडात लसणाची चव. त्या दिवशी माझी संकष्टी होती, सकाळपासून चहाशिवाय काही पोटात नव्हतं आणि जिभेवर मात्र लसणाची चटणी खाल्ल्यासारखं. साधा रबरी ग्लोव्ह पार करून, कातडी पार करून, रक्तातून फिरून ते माझ्या श्वासात आलं होतं. तेव्हापासून मला या द्रवाबद्दल आदर पण आहे आणि धाक पण.

तुमच्या घरातला वासही तोच. डीएमएसओ म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड, शरीरात गेलं की त्यातल्या थोड्याचं डायमिथाइल सल्फाइड होतं आणि ते फुफ्फुसातून, कातडीतून बाहेर पडतं. कोबी किंवा मक्याचं कणीस उकडताना जो वास येतो ना, त्यातही हेच असतं. म्हणजे बाबांनी कितीही ब्रश केला तरी उपयोग नाही, वास तोंडातला नाहीच, रक्तातला आहे.

कातडीचं कसं असतं ते सांगते कारण सगळा धोका तिथेच आहे. चिरोटा डोळ्यासमोर आण. वरचे पातळ पापुद्रे आणि मधे तुपाचा साटा. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थरही तसाच, सुकलेल्या पेशींचे पापुद्रे आणि मधे चरबीचा साटा, त्या साट्यामुळेच बाहेरचं बाहेर राहतं. डीएमएसओ तो साटा सैल करतं आणि स्वतः आत जातं, ते एक झालं, पण जाताना आपल्यात विरघळलेलं सगळं सोबत घेऊन जातं. रेणू लहान असला की झालं, तो औषधाचा आहे का रंगाचा का कीटकनाशकाचा हे ते बघत नाही. म्हणून नुसतं डीएमएसओ कितपत विषारी हा प्रश्न अर्धाच आहे, खरा प्रश्न असा की कातडीवर आणि कॅनमध्ये त्याच्याशिवाय आणखी काय काय होतं.

नुसत्या डीएमएसओचं म्हणशील तर ते सॉल्व्हंटांमधलं, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवून घेणाऱ्या द्रवांमधलं, सौम्य समजलं जातं. गोळ्या बनवताना वापरलेल्या सॉल्व्हंटचा अंश गोळीत किती उरला तर चालेल याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यात हे तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या वर्गात येतं, दिवसाला ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर वेगळा खुलासासुद्धा द्यावा लागत नाही. आतेभावाने हेच कुठेतरी ऐकलं असणार. पण हिशोब कर, एक मिली डीएमएसओ म्हणजे जवळजवळ ११०० मिलिग्रॅम, बाबा दोन गुडघ्यांना मिळून पाच मिली जरी लावत असले तरी साडेपाच हजार झाले. सगळं आत जात नाही हे खरं, तरीही गोळीतला अंश आणि कापसाने रोज फासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि वरून गंधपुऱ्याचं तेल! मला या पत्रातली सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. गंधपुऱ्यात मिथाइल सॅलिसिलेट असतं, ते अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं. नेहमी चोळतो तेव्हा मर्यादित आत जातं, इथे बाबांनी आधी दार उघडून ठेवलंय आणि मग ते तेल ओतलंय, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या आधीच चालू. डीएमएसओ लावताना सांभाळा म्हणून ज्या औषधांची यादी असते त्यात रक्त पातळ करणारी औषधं आहेत, इन्सुलिन आहे, झोपेच्या गोळ्या आहेत. सुलिंडॅक नावाची एक जुनी पेनकिलर आहे, ती घेत असताना डीएमएसओ लावलेल्यांच्या हातापायाच्या नसांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा या आठवड्यात हार्टच्या डॉक्टरांना भेटा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि तेलाची बाटलीपण न्या. शुगरही तपासून घ्या.

मग तो कॅन. आतेभावाला फोन करून शांतपणे विचार, भांडू नकोस, त्याने चांगल्या मनानेच दिलंय. पहिलं विचार, हे सीलबंद बाटलीतलं का ड्रममधलं, आणि ड्रममधलं असेल तर नवीन का रिकव्हर्ड. कंपन्यांत सॉल्व्हंट एकदा वापरून फेकत नाहीत, डिस्टिल करून, म्हणजे वाफ करून ती परत थंड करून, पुन्हा वापरतात, त्या रिकव्हर्ड मालात आधीच्या बॅचमधलं काय काय उरलेलं असू शकतं, प्लांटच्या कामाला ते चालतं, माणसाच्या कातडीला कसं चालेल. दुसरं विचार की त्या कॅनमध्ये आधी काय होतं. डीएमएसओ कित्येक प्लास्टिकांतूनही काही ना काही खेचून घेतं, लॅबमध्ये आम्ही काचेच्याच बाटलीत ठेवायचो. आणि तिसरं, लेबलवर पूर्ण नाव काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवायला सांग. डायमिथाइल सल्फेट म्हणून एक अगदी वेगळं रसायन असतं, नाव सारखं वाटतं पण ते जीवघेणं आहे, कातडी आणि फुफ्फुस जाळतं. लसणाचा वास येतोय म्हणजे बाबांकडचं डीएमएसओच आहे, ती भीती नको, पण पुढच्या वेळी कोण काय भरून आणेल याची खात्री कोण देणार? आणि हो, थंडीत गोठलं म्हणजे शुद्ध असं बाबा म्हणतील कदाचित, व्हिडिओवाले सांगतात तसं. गोठलं तर एवढंच कळतं की पाणी फार नाही, बाकी कशाचा थोडासा अंश आहे का नाही ते गोठण्यावरून कळत नाही, त्यासाठी आमच्याकडे मशीन होती.

आता बाबांच्या दाबून ठेवलंय या म्हणण्याबद्दल. हे उडवून लावू नकोस कारण यामागे खरा इतिहास आहे आणि तो त्यांना सांगितलास तर ते तुझं ऐकतील असं मला वाटतं. हे रसायन पहिल्यांदा बनवलं रशियन रसायनशास्त्रज्ञ झायत्सेव्ह यांनी, १८६६ साली. पुढे जवळजवळ शंभर वर्षं औषध म्हणून कोणी बघितलंच नाही, लाकडापासून कागदाचा लगदा करतात त्या धंद्यातून निघणारं स्वस्त सॉल्व्हंट एवढीच ओळख. १९५९ साली इंग्लंडमध्ये लव्हलॉक आणि बिशप यांनी दाखवलं की पेशी गोठवताना हे घातलं तर बर्फाच्या स्फटिकांनी त्या फुटत नाहीत. मग अमेरिकेत ओरेगनच्या मेडिकल स्कूलमधले सर्जन स्टॅन्ली जेकब अवयव गोठवून टिकवायच्या नादात याच्याकडे वळले आणि त्यांच्या लक्षात आलं की हे कातडीतून आरपार जातं, सूज आणि दुखणंही कमी करतं असं वाटतंय. १९६३ नंतर नुसता गाजावाजा झाला, लोक संधिवाताला, मुरगळलेल्या पायाला लावायला लागले. आणि १९६५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, चाचण्या थांबवल्या.

का थांबवल्या ते बाबांना नक्की सांग. प्राण्यांच्या डोळ्यांमुळे. कुत्रे, ससे, डुकरं यांना मोठे डोस दिल्यावर डोळ्याच्या भिंगात बदल दिसले होते. नंतर माणसांवर बघितलं तेव्हा तसं आढळलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांग. पण ज्या पदार्थाचं काम डोळ्याच्या भिंगावरूनच एकदा थांबलं होतं तोच पदार्थ कॅनमधून काढून भिंगावर टाकायचा? मोतीबिंदू म्हणजे भिंगातली प्रथिनं एकत्र येऊन गढूळ होणं, ते थेंबांनी परत नितळ होत नाही, त्याला ऑपरेशनच आहे आणि ते आता किती लहान राहिलंय हे बाबांच्या वयाच्या कोणालाही विचारा. शुगर आहे म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरांकडे एवीतेवी जायलाच हवं, पडदा तपासायला. त्याच फेरीत मोतीबिंदूचंही विचारून या.

दाबून मात्र ठेवलेलं नाही. १९७८ साली त्याच एफडीएने याचं ५० टक्क्यांचं निर्जंतुक द्रावण मूत्राशयाच्या एका चिवट दुखण्याला मंजूर केलं, नळीने ५० मिली आत सोडायचं, पंधरा मिनिटं धरून ठेवायचं, मग लघवीवाटे काढून टाकायचं. बोनमॅरोच्या उपचारात पेशी गोठवून ठेवतात त्या साधारण १० टक्के डीएमएसओमध्येच असतात, त्या पेशंटला चढवल्या की त्या खोलीत असाच लसणाचा वास येतो, कोणाला मळमळतं, कोणाची नाडी मंदावते म्हणून नर्स शेजारी उभी असते. काही केमोची औषधं शिरेतून बाहेर गळाली तर तिथल्या कातडीवर हे लावण्याचीही पद्धत आहे. म्हणजे कॅन्सरच्या वॉर्डात डीएमएसओ आहे, रोज आहे, पण त्याचं काम वेगळं आहे. कॅन्सर होऊ नये म्हणून चमचाभर प्यायचं याला काही म्हणजे काही आधार नाही. उलट्या, पोटात कळा, चक्कर आणि तुमच्या कॅनमधलं जे काय असेल ते थेट पोटात, एवढंच मिळेल त्यातून.

आणि गुडघा? इथे मला बाबांची बाजूही थोडी घ्यायचीय. पेटंट नसलेल्या स्वस्त रसायनावर मोठी चाचणी करायला पैसे घालणारे कमी असतात, हे त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण दुसरी अडचण आणखी मोठी आहे आणि तिच्यात कोणाचा डाव नाही. औषधाची चाचणी करताना अर्ध्यांना खरं आणि अर्ध्यांना नुसतं पाणी किंवा तसंच काहीतरी देतात, कोणाला काय मिळालं ते कोणालाच कळू द्यायचं नाही. इथे ज्याला खरं मिळालं त्याच्या तोंडाला लसूण येतो! त्याला कळतं, डॉक्टरला कळतं, शेजारच्या खाटेवरच्यालासुद्धा कळतं. मग आराम औषधाने पडला का औषध मिळाल्याच्या समाधानाने हे वेगळं कसं करणार. गुडघ्याच्या झिजेवर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले गेलेत, त्यातून ठाम फायदा काही दिसला नाही. अमेरिकेत २००९ साली गुडघ्याला लावायचं डायक्लोफिनॅक या पेनकिलरचं एक द्रावण मंजूर झालं, त्यात ४५ टक्क्यांच्या आसपास डीएमएसओ असतं, औषध आत न्यायला. त्याच्या चाचणीत एका गटाला डायक्लोफिनॅकशिवाय नुसतं डीएमएसओवालं द्रावण दिलं होतं, तर त्या गटाला खोटं औषध लावलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला नाही. म्हणजे काम केलं ते डायक्लोफिनॅकने.

लावल्या लावल्या गुडघा गरम होतो आणि आत काहीतरी काम चाललंय असं बाबांना वाटत असेल ना, ते सांगते. डीएमएसओ पाण्यात मिसळलं की आपोआप उष्णता सुटते, काचेच्या भांड्यात मिसळून हात लावला तरी चटका जाणवतो, घामेजल्या कातडीवरही तेच होतं. शिवाय त्याने कातडीत हिस्टामिन सुटतं, म्हणून लाली, खाज, गांधी. गुडघ्यामागची लाली त्यातलीच असणार. बंद केल्यावर साध्या पाण्याने भरपूर धुवायचं आणि कातडी शांत होईपर्यंत तिथे बाम, तेल, जेल काहीही नाही, वाटलं तर दोन दिवसांनी साधं खोबरेल. आठवड्यात लाली गेली नाही तर दाखवा.

आता हे काढून घेतल्यावर त्यांच्या हातात काय देणार? नुसतं बंद करा म्हटलंस तर माणूस का ऐकेल, गुडघा तर दुखतोच आहे. एवढी वर्षं काउंटरवर उभी राहून मी बघितलंय की लोक असल्या गोष्टींकडे वळतात ते बुद्धी नसते म्हणून नाही, रात्री कूस बदलताना कळ येते आणि डॉक्टरांकडे बोलायला पाच मिनिटं मिळतात म्हणून. हार्टच्या डॉक्टरांना डायक्लोफिनॅक जेलचं विचार, कातडी बरी झाल्यावर चालेल का म्हणून, गोळीपेक्षा जेलमधून रक्तात फार कमी जातं पण यांच्या गोळ्या बघता त्यांचा होकार हवाच. फिजिओथेरपिस्टकडे एकदा तरी ने. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा ताण उतरतो, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, हे टीव्ही बघताना पलंगावर होतं. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, हा आकडा मी बऱ्याच काकांना सांगते आणि तो त्यांच्या लक्षात राहतो. काठी घेतली तर जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. पाट आणि भारतीय बैठकीचा संडास बंद. आणि ऑपरेशनला नाही का म्हणतात ते एकदा त्यांच्याजवळ बसून विचार, खर्चाची भीती असेल, टेबलावर काही होईल याची असेल, कुणा मित्राचं बिघडलेलं असेल. कारण कळलं तर त्याच प्रश्नाला घेऊन परत ऑर्थोपेडिककडे जाता येतं. ऑपरेशन करायचं ठरलंच तर डीएमएसओ लावत होतो हे भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायचं.

राहिला कॅन. मोरीत ओतू नकोस, ड्रेनेजमधले जंतू त्याचं तेच वासाचं सल्फाइड करतात आणि अख्ख्या बिल्डिंगला त्रास होईल. झाकण घट्ट लाव, वर मोठ्या अक्षरात नाव लिही, नातवंडांच्या हाताला लागणार नाही असा ठेव आणि आतेभाऊ येईल तेव्हा त्याच्याकडेच परत दे, कंपनीत सॉल्व्हंटचा वेस्ट वेगळा जातो, तिथे जाऊ दे. ज्या कापसाने लावत होते तो टाकून द्यायचा आणि त्या उशा-चादरी वेगळ्या धुवायच्या, धुताना हाताला काही लागू देऊ नकोस.

आणि आईला सांग, शेवटचं लावल्यापासून दोन-तीन दिवसांत वास जाईल, शुक्रवारपर्यंत अंथरूण परत खोलीत नेता येईल.